तानुबाईचं पांढरं छत

मे महिन्यात रोहिणखेडात भरदुपारी रस्त्यावर येऊ नये, हे कुत्र्यांनासुद्धा कळतं. ती ओट्याखालच्या सावलीतून शेपूटही बाहेर काढत नाहीत. पण त्या मंगळवारी वैष्णवी नेमकी त्याच वेळी गावात शिरली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, स्कूटीच्या तापलेल्या सीटवर जेमतेम टेकलेली, आणि मनात एकच वाक्य घोळत असलेलं: ‘मावशी, माझं चुकलं, काजलला आणि बाळाला घेऊन माझ्या घरी चला.’

बुलढाण्याहून निघताना हे वाक्य सोपं वाटत होतं. राजूर घाट उतरून खालची झळ तोंडावर आली, तसं ते जड व्हायला लागलं.

वैष्णवी बुलढाण्यातल्या एका कॉलेजात घरं विजेशिवाय थंड कशी ठेवायची यावर संशोधन करत होती. कागदावर तिची छतं फार थंड होती. पण कागदाखाली कुणी राहत नाही, म्हणून तिला एक खरं घर हवं होतं. गेल्या हिवाळ्यात ते तानुबाईनं दिलं. मागच्या खोलीवरचे टिनाचे पत्रे उतरले आणि तिथे लोखंडी तुळया, त्यांवर फरशी, फरशीवर उलटी घातलेली मडकी, त्यांवर चुन्याचा थर आणि सगळ्यात वर पांढऱ्या टाइल्सचे फुटके तुकडे असं छत झालं. मधोमध तापलेली हवा निघून जायला एक झरोका ठेवला. मडकी पाहून गावानं मनसोक्त हसून घेतलं. “तानुबाई घरावर लोणचं घालून राह्यली,” असं शेजारची गोजरबाई नळावर सांगत सुटली होती.

तानुबाई मात्र हसली नव्हती. काम सुरू व्हायच्या आधी तिनं वैष्णवीला चहा दिला आणि समोर बसून विचारलं होतं, “बाई, तुमचं शास्त्र मले नाई समजत. माही काजल मे महिन्यात बाळंतपणाले येते. गेल्या उन्हाळ्यात या टिनाखाली मलेच घेरी आली होती. ओल्या बाळंतिणीले अन् तान्ह्या लेकराले मी तिथं कसं ठेवू? तुमी सरळ सांगा, खोली थंडी राहीन का?”

“राहील मावशी,” वैष्णवी म्हणाली होती.

माणूस एक शब्द बोलून जातो आणि मग उन्हाळाभर तो शब्द त्याच्या उशाशी बसतो. एप्रिल झकास गेला. खोलीच्या भिंतीवर तिनं एक लहानशी डबी लावली होती. ती आतलं तापमान मोजून थेट वैष्णवीच्या मोबाइलवर पाठवायची. बाहेर जीव घुसमटत असताना डबी मजेत होती. वैष्णवी ते आकडे येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत सुटली होती, शिपायालासुद्धा. मे लागला, काजलला मुलगी झाली, माय-लेकी दवाखान्यातून त्या खोलीत आल्या, आणि दोनच दिवसांत डबीचं डोकं फिरलं. दुपारचा आकडा चढायला लागला. आधी एक अंश, मग तीन, मग पाच. एका दुपारी आत एकोणचाळीस झाले, तेव्हा वैष्णवी जेवणाचं ताट तसंच सोडून उठली.

पहिला संशय तिनं शेगडीवर घेतला. बाळंतिणीला शेक देतात, त्याचे निखारे खोलीतच राहत असतील. तिनं फोन केला. काजल म्हणाली, “नाई ताई, शेक समोरच्या खोलीत घेते. तोबी सकाळीच.” मग तिला वाटलं, डबीच बिघडली. रविवारी येते असं आधी कळवून ती नवी डबी घेऊन गेली. छतावर चढून पाहिलं, तर छत झाडून पुसून लख्ख, एक भेग नाही, झरोका मोकळा. आणि त्या दिवशी खोलीसुद्धा बरी होती. तिचा जीव भांड्यात पडला, ती घरी आली, आणि सोमवारी दुपारी नव्या डबीनं जुन्या डबीचाच आकडा पाठवला.

तिचे मार्गदर्शक देवानंद सर शांत माणूस. ते म्हणाले, “प्रयोग फसणं हासुद्धा निष्कर्षच असतो, वैष्णवी. नीट लिहून काढ.” सरांचं बरोबरच होतं. पण निष्कर्ष काही पाळण्यात झोपत नाही. रात्रभर ती पंख्याकडे बघत पडून राहिली आणि मंगळवारी न कळवता निघाली.

जुन्या मशिदीवरून वळून ती तानुबाईच्या गल्लीत आली आणि तिला शिंक आली. मग दुसरी आली. तिसरीच्या आधी डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. रडू येणार हे तिनं आधीच गृहीत धरलं होतं, पण ते नाकातून सुरू होईल असं वाटलं नव्हतं. स्कूटी लावता लावता तिला वरून बायकांचं बोलणं ऐकू आलं. भरदुपारी, मे महिन्यात, छतावरून.

मागच्या बाजूला शिडी लावलेली होती. ओढणीनं नाक दाबून ती वर चढली आणि शेवटच्या पायरीवरच थबकली.

तिचं पांढरं छत कुठं दिसतच नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी ताडपत्री अंथरलेली होती आणि तिच्यावर गल्लीभरच्या वर्षाच्या तिखटाच्या लालभडक मिरच्या वाळत होत्या. एका कोपऱ्यात छत्री धरून गोजरबाई वानरांवर पहारा देत बसली होती आणि तानुबाई वाकून मिरच्या हलवत होती. मधोमध, झरोक्यावर, लोखंडी घमेलं पालथं घालून वर वीट ठेवलेली होती.

“अव माय!” तानुबाई दचकली. “आज कशी वं बाई? आज त मंगळवार!”

“मावशी, हे काय आहे?”

“मिरच्या होय,” गोजरबाईनं मदत केली.

“छतावर काही ठेवू नका म्हटलं होतं मी!”

“तुमी आल्यावर कधी ठेवलं का?” तानुबाई खरोखरच दुखावली. “तुमी येणार म्हटलं का आमी सकाळीच समदं उचलतो. झाडतो, पुसतो. तुमचं काम बिघडू नये म्हून.”

“पण खाली डबी आहे ना! तिला कळतं सगळं.”

“डबी त खोलीत हाय, बाई. तिले छतावरचं काय दिसते?”

वैष्णवीनं घमेल्याकडे बोट दाखवलं. “आणि हे?”

“ते लेकरासाठी!” तानुबाई आता हक्कानं बोलली. “मिरच्याचा ठसका त्या भोकातून खाली जाये. पोरगी शिंकू शिंकू लाल झाली. मंग म्या झाकलं. आता म्या आजी होऊन तेवढंबी नाई करावं का?”

म्हणजे ज्या वाटेनं उष्ण हवा बाहेर जायची, ती वाट आजीनं मायेपोटी विटेनं दाबून बंद केली होती, आणि ऊन परतवायला लावलेल्या पांढऱ्या छताला काळी चादर पांघरली होती. तरीही ते बिचारं छत खालच्या खोलीला टिनापेक्षा बरं ठेवत होतं.

वैष्णवी तिथेच, छताच्या कडेला उरलेल्या वीतभर पांढऱ्या पट्टीवर मटकन बसली. छत फसलं नव्हतं. तिनं तानुबाईला खोटा शब्द दिला नव्हता. हे एवढं मनात उतरायला तिला जरा वेळ लागला, आणि उतरल्यावर ती हसायला लागली. हसता हसता रडली, मध्येच शिंकली. डोळ्यांतलं पाणी मिरचीचं किती आणि सुटकेचं किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

“बाई रडून राह्यली वं,” गोजरबाई कुजबुजली. “उचल मिरच्या.”

“पण मावशी, गावात एवढी छतं सोडून इथंच का?” वैष्णवीनं डोळे पुसत विचारलं. पुसायचं नव्हतं. बोटांना शिडीवरचं तिखट लागलेलं होतं.

तानुबाईनं धावत जाऊन पाणी आणलं आणि तिचे डोळे धुता धुता सांगितलं, “दुसऱ्या छतावर दुपारी पाय ठेवता येते का? चटके बसते. तुमच्या छतावर अनवाणी फिरा, काई होत नाई. अन् किती साफ! ताटासारखं.”

इतकं चांगलं प्रमाणपत्र तिच्या छताला त्याआधी कुणी दिलं नव्हतं, आणि तेसुद्धा डोळे चुरचुरत असताना मिळालं.

मिरच्या उचलल्या. ताडपत्री गुंडाळली. घमेलं काढताच झरोक्यातून तापलेल्या हवेचा असा झोत वर आला की गोजरबाईनं तोंड फिरवलं. “एवढी गरमी आत होती?” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज लहान झाला. तानुबाई शिडीनं खाली गेली आणि पाळण्याजवळ जाऊन नातीच्या कपाळावरून कितीतरी वेळ हात फिरवत बसली. “मीच लेकराले भाजून राह्यली होती वं काजल,” असं ती म्हणाली, तेव्हा वैष्णवीच तिच्या शेजारी जाऊन बसली. “मावशी, ताडपत्री कशी तापते हे आधी सांगायला हवं होतं. ते माझं काम होतं. तुम्ही तर ठसका थांबवला.”

मिरच्यांचं मात्र काहीतरी करणं भाग होतं, कारण वर्षाचं तिखट कुणाच्या संशोधनासाठी थांबत नाही. तानुबाईचे मालक जानराव संध्याकाळी शेतातून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ गोठ्यामागचे बांबू बाहेर काढले. वैष्णवीनं मापं दिली. दोन दिवसांत छतावर कमरेएवढ्या उंचीचा माचा उभा राहिला. वर मिरच्या, खालून वारा, आणि छताला फुकटची सावली. झरोक्यावर तिनं एक वाकडं नळकांडं बसवलं, त्याचं तोंड माच्यापासून दूर. देवानंद सरांनी फोटो पाहिला आणि विचारलं, “हे आपल्या आराखड्यात कुठं होतं?” “नव्हतं सर,” ती म्हणाली, “आता आहे.” गोजरबाईनं तर माचा उभा राहायच्या आतच आपल्या घरासाठी नंबर लावला. तिला लोणचं चालणार होतं.

शनिवारी वैष्णवी पुन्हा न कळवताच गेली. मोबाइलवर आकडे उतरलेले दिसत होते, पण तिला ते आज डबीकडून ऐकायचे नव्हते. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. दारातून आत पाऊल टाकताच तिची घामेजलेली पाठ एकदम निवली. काजल कुशीवर गाढ झोपली होती. वैष्णवी भिंतीला टेकून बसली, आणि कित्येक रात्रींची राहिलेली झोप तिच्या डोळ्यांवर आली.

तानुबाईनं पाळण्यात डोकावून पाहिलं. नातीचे पाय हातात घेतले, मग तळहात. तिच्या कपाळाला आठी पडली. वैष्णवी खडबडून ताठ झाली.

“काजल, ऊठ वं,” तानुबाई म्हणाली. “पोरीले टोपडं घाल. गार लागन तिले.”