दोन मात्रा गप्प

चेलोवाल्याने गज खाली ठेवला आणि हसू दाबायला रुमाल तोंडाशी धरला.

“ही बाई प्रियकराच्या दारात उभी आहे हो, स्मशानात नाही!” दिग्दर्शक पडद्याकडे बोट दाखवत काचेपलीकडून म्हणाला. “नवऱ्याला झोपवून आलीय. बेलवरून बोट निघत नाही तिचं. आणि तुम्ही काय वाजवताय? जेवणाच्या सुट्टीपर्यंत जमलं नाही, तर इथे मी दुसऱ्या कोणाचं तरी संगीत लावतो.”

वादकांसमोर उभ्या मुलीने मान हलवली. चित्रपटाचं बाकी सगळं संगीत तिच्या वडिलांनी पुरं केलं होतं. या शेवटच्या प्रसंगाची नुसती चाल लिहून ते गेले. लय लिहायची राहिली. तिने ती संथ धरली होती. दुसरी कुठली धरावी, ते तिला सुचतच नव्हतं.

डबा घेऊन आलेली आई दारातच थबकली.

“इतकं रडकं कशाला गं?”

“बाबांचंच आहे.”

“मला सांगतेस? रोज सकाळी दात घासताना हेच चालायचं ह्यांचं. सवत होती ती माझी! शंभर हाका मारल्या तरी ओ नाही.”

आईने डबा काखेत मारला आणि मांडीवर ताल धरला. भरभर, जवळजवळ उड्या मारत.

वादकांनी एकमेकांकडे पाहिलं.

“आणि या मधल्या दोन मात्रा गप्प?” चेलोवाल्याने विचारलं. “आम्हाला वाटलं, तिथे बाईला पश्चात्ताप होतो.”

“कसला पश्चात्ताप! तिथे हे चूळ भरायचे.”

सगळी खोली खदखदून हसली, दिग्दर्शकसुद्धा. हसू ओसरल्यावर मुलीने हात उचलला.

चाल निघाली ती पळतच. पडद्यावर बाईचं बोट बेलवर, आणि चेहऱ्यावर इतका निव्वळ आनंद की बघवेना. व्हायोलिनवाल्या काकूंनी नजर खाली वळवली. मग त्या दोन मात्रा आल्या. गज थांबले. मुलीने आईकडे पाहिलं.

आईने गाल फुगवले होते.

मुलगी हसली. चांगली मोठ्याने, कित्येक दिवसांनी. तसाच हात खाली आला, गज तारांवर पडले आणि चाल शेवटाला जाऊन थांबली.

“मध्ये कोणीतरी हसलं,” ध्वनिमुद्रक म्हणाला. “परत घेऊ या?”

दिग्दर्शकाने प्रसंग मागे नेला, पुन्हा लावला. बराच वेळ तो पडद्यावरच्या बाईकडे पाहत राहिला.

“नको,” तो म्हणाला. “तीच हसतेय.”