न्याथी उठले की विकेट पडते

सिबोंगिलेबाईंचं पत्र येऊन चौदा महिने झाले होते, आणि एल्फस न्याथींनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. म्हणजे लिहिलं सतरा वेळा होतं. पाठवलं एकदाही नव्हतं. बुलावायोच्या वाचनालयात छत्तीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं जागच्या जागी लावणाऱ्या या माणसाला स्वतःची चार वाक्यं काही लावता येत नव्हती.

बाई मुख्याध्यापिका होत्या. वीस वर्षं दर शनिवारी त्यांनी न्याथींकडून पुस्तकं नेली होती. यजमान जाऊन बराच काळ लोटला होता, आणि निवृत्तीनंतर त्या ग्वांडाला भावाकडे राहायला गेल्या होत्या. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, ‘तुमच्या त्या क्रिकेटमधलं मला काही कळत नाही. पण पाच दिवस शेजारी गप्प बसता येतं. येऊन बसू का?’

‘बसा’ एवढंच लिहायचं होतं. पण ‘बसा’ न्याथींना उद्धट वाटे, ‘बसावे’ नोटिशीसारखं वाटे, आणि ‘अवश्य बसा’ म्हणजे अंगचटीला जाणं. म्हणून ते पत्र आणि बाईंचा पत्ता घातलेला, तिकीट लावलेला रिकामा लिफाफा त्यांच्या धावांच्या वहीत मुक्कामाला होता.

कसोटीच्या पाचव्या दिवशीही ती वही मांडीवर घेऊन न्याथी मैदानाच्या कडेला, तिसऱ्या झाडाखालच्या बाकावर बसले होते. शेजारी हादेबे. हादेबे म्हणजे रेल्वेचे निवृत्त गार्ड. उभ्या आयुष्यात त्यांच्या हिरव्या झेंड्याशिवाय गाडी हलली नव्हती.

सकाळी न्याथी चहा आणायला उठले, आणि कप्तानाचा त्रिफळा उडाला. चष्मा धुवायला उठले, दुसरा गेला. छत्री उघडायला उठले, तिसरा. पाय मोकळे करायला उठले, चौथा.

“न्याथी,” हादेबे म्हणाले, “तू उठलास की विकेट पडते. आता खेळ संपेपर्यंत हलायचं नाही.”

“योगायोग असेल रे.”

“लाल सिग्नल पाहून ड्रायव्हर योगायोग म्हणत नाही. थांबतो.”

मागे उकडलेल्या शेंगांचं पातेलं घेऊन माडलोडलो बसली होती. तिने गिऱ्हाईक सोडून मान वर केली. “बाबा, तुम्ही बसा. शेंगा मी आणून देते, छत्री मी धरते. पण उठलात, तर हे पातेलं डोक्यात घालीन. वडीलधारे आहात म्हणून आधी सांगून ठेवते.”

न्याथी बसून राहिले. तरीही चहापानापर्यंत आणखी चार गेले. हादेबेंच्या मते, न्याथी मनातल्या मनात उठत होते.

मग नववाही गेला. बावीस षटकं उरली होती. धावा तर आवाक्याबाहेरच होत्या. टिकून राहिलं तर सामना अनिर्णित, नाही तर हार. आणि टिकायला आला मुसेकिवा. मुसेकिवा हा गोलंदाज. मागच्या सहा डावांत मिळून त्याच्या चार धावा होत्या, आणि त्या चारही त्याचं लक्ष नसताना झालेल्या. तो बॅट घेऊन चालायचा ते दुसऱ्याचं तान्हं मूल सांभाळायला दिल्यासारखा.

त्याला पाहून न्याथींनी मनाशी एक पण केला. मुसेकिवा शेवटपर्यंत टिकला, तर आजच्या आज बाईंना उत्तर टाकायचं. हा पण करताच त्यांना फार हलकं वाटलं. हे काही होणार नव्हतं. धाडस केल्याचं समाधान मिळालं होतं, आणि धाडस करावं लागणार नव्हतं.

दहा षटकं गेली. मुसेकिवा उभाच. चेंडू पायावर घेई, पोटावर घेई, क्वचित बॅटवरही घेई. पंधरा षटकं झाली, तसा न्याथींना घाम फुटला.

“काय रे, बरं नाही वाटत?” हादेबेंनी विचारलं.

“हा बाद का होत नाही?”

हादेबेंनी वळून पाहिलं. “काय म्हणालास?”

“काही नाही. चांगला खेळतोय म्हटलं.”

अठरा षटकं. मागे ढोल सुरू झाले, बायका गाऊ लागल्या. सगळा बुलावायो मुसेकिवासाठी देवाला साकडं घालत होता आणि एकटे न्याथी पाहुण्यांच्या बाजूने होते. एकोणीस. तोड त्यांच्याच हातात होती, खरं तर पायांत. नुसतं उठायचं.

विसाव्या षटकात गोलंदाज धावत निघाला, आणि न्याथी उठले.

“न्याथी!” हादेबे ओरडले. माडलोडलोने पातेल्याला हात घातला.

चेंडूने बॅटची कड घेतली. दुसऱ्या स्लिपच्या थेट हातात झेल गेला, हातातून छातीवर उडाला, छातीवरून पुन्हा हातात आला, आणि गवतावर पडला.

“सुटला! अरे, सुटला!” असं कोणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडलं. सगळे त्या आवाजाकडे वळले. तो न्याथींचा होता. छत्तीस वर्षं ‘शांतता राखा’च्या पाटीखाली बसलेला माणूस दोन्ही हात वर करून नाचत होता. वही खाली पडली होती, आणि गवतावर पत्र उघडं पडलं होतं.

आपण कोणाच्या बाजूने आहोत, हे न्याथींना तेव्हाच कळलं. ते मटकन खाली बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

“चौदा महिने?” हादेबे म्हणाले. “अरे, न्याथी म्हणजे आपल्या भाषेत रानम्हैस! असलं आडनाव लावतोस आणि कोकरासारखा घाबरतोस? एवढं तर मुसेकिवाही कोणाला ताटकळत ठेवत नाही!”

“त्या बाईंना मी ओळखत नाही,” माडलोडलो म्हणाली, “पण बाबा, हा पोरगा टिकला आणि तुम्ही लिहिलं नाहीत, तर पातेलं आहेच.”

मुसेकिवा टिकला. शेवटचा चेंडू त्याने पोटावर घेतला, आणि मैदान नुसतं उसळलं. त्या गदारोळात न्याथींनी वहीचं मागचं पान फाडलं. अठराव्या खेपेला ते फार विचार करत बसले नाहीत.

‘सिबोंगिलेबाई, पुढची कसोटी डिसेंबरात आहे. मी तिसऱ्या झाडाखाली असतो. बसा. फक्त एकदा बसलात की उठायचं नाही, इथे त्याने विकेट पडतात.’

पोस्टाच्या पेटीपर्यंत दोघं त्यांना कैद्यासारखं मधे घालून घेऊन गेले. लिफाफा निम्मा आत गेला, आणि न्याथी थबकले.

“हादेबे, मी खाली सही केली का रे?”

“या पृथ्वीवर आणखी कोण असं पत्र लिहील?” हादेबेंनी खिशातून हिरवा रुमाल काढला आणि गाडी सोडावी तसा हलवला.

न्याथींनी लिफाफा सोडला.