न चाळलेली माती

प्रयोगशाळेतल्या बाई माती चाळत नाहीत, याचा इंजिनिअरला भारी राग यायचा. इतर सगळे माती वाळवून, चाळून नळीत भरतात, वरून थेंब थेंब पाणी सोडतात आणि रसायन खाली कधी उतरतं ते मोजतात. बाई मात्र बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यामागे भर उन्हात गुडघे टेकून बसल्या आणि हातोड्याने पाइप ठोकून मातीचा अख्खा गाभाच काढून घेऊन आल्या, गांडुळांच्या बिळांसकट.

"अहो, हा काय कचरा?" इंजिनिअर म्हणाला.

"पाणी या बिळांतून जातं, तुमच्या चाळणीतून नाही," बाई फणकारल्या.

त्याच्या चाळलेल्या मातीचं उत्तर आलं: कारखान्याचं विष गावच्या विहिरीत पोचायला चाळीस वर्षं. बाईंचं आलं: चार. वरिष्ठांनी बाईंचं ऐकून तिसऱ्याच वर्षी विहिरीला कुलूप लावलं, तेव्हा इंजिनिअरने नाक मुरडलं. तरी दर महिन्याला तो तिथलं पाणी तपासत राहिला, बाईंना खोटं पाडायला.

आज त्या पाण्यात कारखान्याच्या रंगातलं विषारी क्रोमियम सापडलं. वर्षभरात कुणीही त्यातला घोट घेतला नव्हता. कागद घेऊन तो धावतच बाईंकडे गेला. त्या बाटल्या विसळत होत्या.

"बाई, तुमचं खरं ठरलं," म्हणत त्याने चक्क स्वतःचे कान धरले.

बाईंनी हात पुसले, कॅलेंडर पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"चार वर्षं नि दोन महिने? म्हणजे माझं कुठंतरी चुकलंय. चला, उचला तो हातोडा."