राखीला मागायला शिकवणारी बरणी

मित्रांनो, तुम्हाला हे खरं वाटणार नाही आणि मला त्याचं सोयरसुतकही नाही. मी एक जुनी काचेची बरणी आहे. लोणच्यात आयुष्य गेलं, झाकण आडमुठं आहे. पण कामरगावातल्या एका मुलीला मी बोलायला शिकवलं.

ती राखी. पाच वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. काही हवं असलं की रडायची, कपाळ भिंतीवर आपटायची. मग तिची आजी सोजरबाई अंदाजाने पाणी, भाकर, बाहुली पुढे करायची. पण शाळेत तिच्या रडण्याचा अर्थ कोण लावणार होतं?

म्हणून उज्ज्वलाताई येऊ लागल्या. न बोलणाऱ्या मुलांना मागायला शिकवणं हेच त्यांचं काम. त्यांनी राखीच्या आवडीचे फुटाणे माझ्यात भरले. "आजी, झाकन घट्ट लावा. तिनं बोट दाखवलं, नाहीतर अर्धामुर्धा आवाज काढला, का लगेच द्या. रडली तं नाही."

"लेकराले तरसवता काहून? कसाई हाय का हे बरनी?" आजी म्हणाली.

म्हणा कसाई. मी झाकण सोडलं नाही. तुम्हीही सोडू नका, मित्रांनो. न मागताच सगळं पुढ्यात आलं, तर लेकरू तोंड कशाला उघडेल?

आधी ताई राखीचा हात धरून माझ्यावर टेकवत. मग नुसतं कोपराला बोट लावत. मग तेही सोडलं.

एके सकाळी राखीने स्वतःच मला बोट लावलं आणि म्हणाली, "ले."

आजी हरखली. मूठभर फुटाणे काढले आणि चार आपल्याच तोंडात टाकले. "पाह्य वं ताई, नात मले म्हनते, ले, खा."

"आजी, ते 'मले' म्हनून राह्यली. अर्धं पोटातच राह्यलं."

राखीचं कपाळ भिंतीकडे वळलं होतं. पहिल्यांदा मागितलं आणि मिळालं नाही, तर ती पुन्हा मागणार नव्हती. मग मी कोणाची वाट पाहते? फळीवरून टुणकन उडी मारली, हवेतच गिरकी घेतली आणि सगळे फुटाणे तिच्या ओटीत...

तुमच्यातच मागे बसून ऐकणारी, आता मोठी झालेली राखी उठली.

"खोटी. आजीनं मुठीतले देल्ले मले. आता तू चूप राह्य."