पृथ्वीच्या अंगातलं वारं

सूर्यभान मास्तरांच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती. औरंगाबादेहून शाळा तपासायला डिप्टीसाहेब खुलताबादला यायचे होते. मराठी अडखळलं तर विज्ञानाचा तास हातचा जाईल, असं हेडमास्तर काकासाहेबांनी बजावलं होतं. बिचारे मास्तर निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. पोलीस ॲक्शनला वीस वर्षं होत आली, तरी विज्ञान त्यांच्या डोक्यात उर्दूतच शिजायचं आणि मराठीत वाढताना सांडायचं.

धडा होता पृथ्वीभोवतीची हवा कशी तयार झाली, याचा. ‘वातावरण’ हा शब्द मास्तरांनी घोकून घोकून पाठ केला होता. डिप्टीसाहेब मागच्या बाकावर टेकले आणि तो शब्द नेमका पळाला. जिभेवर उर्दूतली ‘फिजा’ आली, ती मास्तरांनी गिळली, आणि घाईत घरचा शब्द निसटला.

“पृथ्वी लई तापलेली व्हती. मग तिच्या अंगात वारं आलं, अन् डोंगर फोडून ते भाईर निघालं.”

जिथं बायांच्या अंगात देवीचं वारं येतं, तिथली पोरं दुसरं काय समजणार? पहिल्या बाकावरची सरू तर केस मोकळे सोडून घुमायलाच लागली. वर्ग खदखदून हसला.

“मास्तर, विज्ञान शिकवता की देवीचा जागर घालता?” डिप्टीसाहेब म्हणाले.

मास्तरांची कानशिलं तापली. पण लाज गेलीच होती, मग आता भीती कुणाची? ते सुटलेच. डोंगरांनी ओकलेली वाफ आणि धूर, वाफ निवून युगानुयुगं कोसळलेला पाऊस, त्याचे झालेले समुद्र, त्यात उन्हावर जगणारे आणि प्राणवायू सोडणारे बारीक जीव. कुठला शब्द उर्दू नि कुठला मराठी, हे बघायला त्यांना सवड नव्हती. पोरं हसायची थांबून ऐकत होती.

डिप्टीसाहेब उठले. “ज्ञान आहे, भाषा नाही. उद्यापासून यांना विज्ञानाऐवजी कवायतीचा तास द्या,” असं दारात उभ्या काकासाहेबांना सांगून ते निघून गेले.

मास्तरांनी डस्टर उचललं. ते फळा पुसू लागले.

“गुरुजी,” सरूनं हळूच विचारलं, “प्राणवायूच्या आधी कुणीच जगत नव्हतं का?”

“व्हते की. जुन्या हवेवरचे. नवी हवा त्यांना जहर झाली. लई मेले. थोडे चिखलाच्या बुडाशी जाऊन राहिले.”

“पण त्यांचा काय गुन्हा होता?”

“काय नाय, पोरी. हवा बदलली.”