मारबतीबरोबर न गेलेला मलखांब

मित्रांनो, मी एक जुना मलखांब आहे. हल्ली मला या नावाने कोणी ओळखत नाही. बकऱ्या बांधायचा खुंटा म्हणतात, आणि त्याचा मला अजूनही राग येतो. आरमोरीच्या बाजारापासून दोन कोसांवर एक गाव आहे. तिथल्या सार्वजनिक व्यायामशाळेच्या अंगणात मी उभा आहे. जरासा झुकलो आहे, पण उभा आहे.

मी जातीचा सागवानी. जंगलातल्या पाड्यावरचा कोलू सुतार मला तीन आठवडे तासत होता. त्याने मला खाली जाड अंग दिले, वर निमुळती मान दिली आणि टोकाला गोल बोंड कोरले. १९५१ साली जनपद सभेने गावात व्यायामशाळा बांधली तेव्हा मला अंगणात खोल पुरले. आसपासच्या गावांच्या शाळा, दवाखाने, रस्ते हे सगळे ही सभाच बघायची. दोरीचा मलखांब, मुद्गल, लेझिमा आणि चटया हे माझे सोबती खोलीत राहायचे. तेही सभेनेच दिले होते.

आमचा वस्ताद होता पत्रू. अंगाने इतका काटकुळा, की बाया त्याला चिडवायच्या, "वस्ताद, मुद्गल तुमी उचलता का मुद्गल तुमाले उचलते?" पत्रू हसायचा आणि दोन उड्यांत माझ्या बोंडावर जाऊन बसायचा. 

त्याची एक रीत होती. संध्याकाळी खेळ संपला की मला एरंडेल चोळायचे. अंगाला कोणीही चोळावे, पण बोंडाला तेल लावायचा मान एकाचाच. पायांनी मला घट्ट धरून उलटे लोंबकळायचे, त्याला आम्ही अढी म्हणतो. ज्याची अढी त्या दिवशी सर्वांत सुरेख, तो तेलाची वाटी घेऊन वर चढायचा. त्या मानासाठी पोरे गुडघे सोलून घ्यायची. सहा वर्षे माझे बोंड कधी कोरडे राहिले नाही. त्या दिवसांचा मला फार गर्व होता, आणि तो मी लपवत नाही.

मग १९५७ साल आले. सगळे जग फिरून फ्लूचा ताप आमच्याकडे आला, तो नेमका रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत. धानाच्या रोवण्यासाठी बाहेरगावची माणसे आली होती. ती बांधीतच, धानाच्या चिखलात, तापाने पडू लागली. त्यांना ठेवायचे कुठे? गावात मोठी, हवेशीर खोली एकच होती. पत्रूने चटया अंथरल्या आणि दार उघडले.

मी अंगणातून सगळे पाहत होतो. पत्रू पेज शिजवायचा, कपाळावरच्या पट्ट्या बदलायचा, पेटका येऊन वळलेला हात धरून बसायचा. बरेच जण बरे होऊन गेले. तिघांनी तिथेच प्राण सोडला. त्यात सावली गावाहून आलेला वारलू होता, गावातल्या सुगंधाबाईचा सख्खा भाऊ. त्या वर्षी नागपंचमीला माझी पूजा झाली नाही. त्याचे मला वाईट वाटले नाही. पूजा करावी असे ते दिवसच नव्हते.

ताप ओसरला, शाळा उघडली, पण व्यायामशाळेत कोणी येईना. पत्रू रोज संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन माझ्या पायाशी बसायचा आणि दिवेलागणीला वाटी तशीच भरलेली घेऊन घरी जायचा. अशातच सभेचा कागद आला. आजाराच्या दिवसांत बंद पडलेल्या वाचनालयांना आणि व्यायामशाळांना सभा वर्षभर मदत देणार होती, वस्तादाच्या मानधनासकट. पोळ्यानंतर एक सभासद येऊन पाहणार होते. व्यायामशाळा चालू दिसली तर मदत, नाहीतर कुलूप.

पत्रू तडक सुगंधाबाईकडे गेला. तिचे दोन्ही मुलगे आमच्याकडचे, आणि गावातल्या बाया तिचे ऐकायच्या. तिला सोबत घेऊन तो अंगणात आला.

"बाई, पोट्ट्यांले धाडा ना."

"कशी धाडू, भाऊ? माया वारलू त्याच चटईवर गेला. तिथीच माये पोट्टे कोलांट्या मारतीन? ताप अजून त्या सामानात बसून हाये."

"मंग काय करू सांगा."

सुगंधाबाईने खोलीकडे बोट केले. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. खोलीतलं सारं तिच्यासंगं जाऊ द्या. मंग मीच आनून सोडतो पोट्ट्यांले."

मित्रांनो, आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबतीचे बाहुले गावाच्या शिवेवर नेऊन जाळतात. घरातली रोगराई तिच्याबरोबर जावी म्हणून लोक ओरडत मागे धावतात. त्या सकाळी सगळ्यात पुढे पत्रू होता. खांद्यावर चटया, कमरेला दोरीचा मलखांब गुंडाळलेला. मागे पोरांच्या हातात मुद्गल आणि लेझिमा. कोणीतरी मलाही उपटायला निघाले होते. सुगंधाबाई म्हणाली, "त्याले राहू द्या. तो उन्हात उभा होता, त्याच्यावर कोनी निजलं नाई." शिवेवरचा धूर मला इथूनच दिसला. माझे सहा वर्षांचे सोबती त्यात होते.

त्याच संध्याकाळी चाळीस पोरे आली. सुगंधाबाईने शब्द पाळला. पत्रूचा चेहरा असा फुलला होता, की मला वाटले, झाले ते बरेच झाले.

चार दिवसांनी सभासद गुणवंतराव आले. भला माणूस. त्यांनी पोरांच्या अढ्या पाहिल्या आणि शाबासकी दिली. मग खिशातून एक यादी काढून ते खोलीत गेले. बाहेर आले ते डोक्याला हात लावूनच.

"पत्रू, सामान कुठी हाये?"

पत्रूने सगळे खरे सांगितले.

"अरे, ते सभेचं होतं. तुझं नव्हतं."

"सामान ठेवलं असतं तर पोट्टे आलेच नसते, गुणवंतराव. सामान तर पुन्हा बनवता येते."

"मले समजते रे. पन सभेत मी एकटा नाई."

गुणवंतरावांनी तिथे आमची बाजू मांडली, असे नंतर कळले. सभेचे उत्तर आले ते दोन ओळींचे. सार्वजनिक सामान जाळणाऱ्या वस्तादाच्या हाती मदत देता येत नाही. कागदात चाळीस पोरांचा उल्लेख नव्हता.

पत्रूने दिवाळीपर्यंत तग धरला. वाखाची दोरी वळून पोरांना शिकवले. पण मानधन बंद झाले होते, आणि घरी खाणारी तोंडे पाच. शेवटी तो मोहर्लीकडच्या जंगलात लाकूडतोडीच्या कामावर गेला. जायच्या दिवशी त्याने मला चढून तेल लावले, अगदी बोंडापर्यंत.  मला बोलता येत असते तर मीच म्हणालो असतो, पत्रू, तू चुकलास, पण तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच केले असते.

हळूहळू पोरे पांगली. खोलीत आता धानाचे बियाणे भरलेले असते आणि दाराला कुलूप असते. तुमच्या गावातही सगळ्यांच्या मालकीची अशी एखादी जागा असेल. ती चालू आहे तोवर तिथे जात राहा. बंद पडायला लागली तर मोठ्या माणसांना विचारा, काऊन बंद करता म्हणून. आमच्या गावातून कोणीच विचारले नाही.

या नागपंचमीला सुगंधाबाई आली होती, हातात एरंडेलाची वाटी घेऊन. म्हणाली, "सामान मारबतीसंगं जाऊ द्या, हे मायाच तोंडून निंगालं होतं." तिने मला पायापासून चोळायला सुरुवात केली. हात पोचला तिथवर तेल लावले, टाचा उंचावून आणखी चार बोटे लावले आणि थांबली.

त्याच्या वर मी कोरडाच आहे. मानेला दोन तडे गेले आहेत आणि बोंडाला तिसरा जाऊ पाहतो आहे. म्हणून मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी इकडे आलात, तर बकरी सोडा, वाटी घ्या आणि वर चढा. अढी कशीही आली तरी चालेल.