हबच्या अगदी शेजारी

अमेरिकेत अल्फारेटातल्या चंद्रशेखर केतकरांच्या तीनमजली इमारतीला एका गोष्टीची ददात नव्हती, ती म्हणजे लोकेशनची. शेजारी सायन्स आणि टेक्नॉलॉजीचं भलंमोठं हब, दारात हायवे, समोर कॉफी. निवृत्तीची सगळी पुंजी ओतून काकांनी ती घेतली, आणि नेमका त्याच वर्षी हबमधल्या इंजिनियरांना साक्षात्कार झाला, की कोडिंग पायजम्यातही होतं. भाडेकरू एकेक करून गेले. मागे उरले काका आणि सेन्सरचे दिवे. कोणी हललं की लागायचे, हालचाल थांबली की विझायचे. इमारत बाहेरून जिवंत दिसावी म्हणून काका रोज तिन्ही मजल्यांवरून फेरी मारायचे.

आता सांता क्लाराची एक कंपनी जागा बघायला येणार होती. ती हो म्हणाली तर ठीक, नाहीतर इमारत बँकेची, आणि तिच्या पाठोपाठ तारण ठेवलेलं राहतं घरही.

"रिकाम्या हॉटेलात कोणी जेवायला जातं का?" असं रेखाकाकूंना विचारून काकांनी मराठी मंडळाच्या प्रसादला फोन लावला. गुरुवारी सकाळी सगळ्यांनी आपापल्या गाड्या आमच्या पार्किंगमध्ये आणून लावायच्या, बस्स.

"खोटं ते खोटंच," काकू म्हणाल्या.

"अगं, गाड्या खऱ्याच आहेत की!"

मंडळाचा एकही कार्यक्रम आजवर वेळेवर सुरू झालेला नाही. त्या गुरुवारी मात्र सगळे वेळेवर आले. पार्किंगमध्ये सुई ठेवायला जागा उरली नाही. रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं नाही ही रीत, त्यामुळे प्रत्येकाच्या डिकीत खाण्याचा एकेक ट्रे.

कंपनीची आसावरी मूळची नागपूरची. घिरट्या घालून दमली, शेवटी कॉफीवाल्याकडे गाडी लावून रस्ता ओलांडून चालत आत आली.

"काका, लोकेशन जबरदस्त आहे! पण पार्किंग? माझी माणसं गाड्या काय डोक्यावर घेऊन येतील?"

काकांनी खिशातून फोन काढला. "त्या... आमच्या मंडळाच्या गाड्या आहेत. आत्ता काढायला लावतो."

"मग टेनंट्सच्या कुठे आहेत?"

"टेनंट नाहीत."

"एकही नाही? हब शेजारी असून?"

"हबमध्येच कोणी येत नाही गं."

आसावरीने खिडकीतून हबकडे पाहिलं. तिथे पार्किंग भरपूर होतं.

"हे बॉसला सांगावं लागेल, काका," ती हळूच म्हणाली आणि वाकून नमस्कार केला. नमस्कार इतका खालपर्यंत गेला की उत्तर काय, ते काकांना समजलं.

बाहेर गाड्यांच्या बॉनेटवर ट्रे उघडले गेले होते.

"काका, जमलं ना?" तोंडातला वडा आवरत प्रसादने विचारलं. "झकास स्पॉट आहे हो! पुढच्या वर्षीचा गणपती इथेच करू या."

"करा की," काका म्हणाले. "फक्त बँकेला विचारा."

ते तिसऱ्या मजल्यावर गेले. आतल्या बिनखिडकीच्या खोलीत एकच खुर्ची राहिली होती, तिच्यावर बसले. खालून हसण्याचे आवाज येत होते. थोड्या वेळाने दिवे विझले. नुसता हात वर केला असता तरी लागले असते.

काकांनी केला नाही.